सावल्या बंद

जुबैलचा कॅम्प, खोली एकशे चौदा.
वरच्या बंकवर मी, मांडीवर उशी,
उशीवर लॅपटॉप.
आतला पंखा असा घरघरतोय
जणू कुणी ओलं भात गिरणीत घातलंय.

सात वाजलेत. तिकडे साडेनऊ.
शुक्रवार, म्हणून शर्वाणीला जागायची मुभा.
गेले चार महिने आम्ही दोघं खेळात एक गाव बांधतोय.
विहीर तिची, बांध माझा,
गोठ्याच्या छपरावरून अजून वाद आहे.
आणि ऐन विहिरीला पाणी लागताना
पडदा काळा.
हात लावला तर खाली तवा.

लगेच फोन.
"बाबा, तुम्ही परत नाहीसे झालात.
मी बोलतच होते तुमच्याशी."

खालच्या बंकवरून लियाकत परकार हसला.
"दिवसभर कंपनीचे एक्स्चेंजर धुतोस,
सळई घालून नळ्यांतला गाळ काढतोस,
आणि स्वतःच्या मशीनला उशीवर निजवतोस?
श्वास कुठून घेणार ते?"
खरंच होतं. गप्प बसलो.

उशी गेली, प्लायची फळी आली.
चार कोपऱ्यांखाली पाण्याच्या बाटल्यांची चार बुचं.
चष्म्याच्या डबीतून लियाकतने
इवलासा स्क्रू ड्रायव्हर काढला, पाठ उघडली.
जाळीवर वाळवंट बसलं होतं:
मागच्या शमालची पिठी,
तिच्यात कुणाचा तरी केस, तिळाचा एक दाणा.
पंखा बोटाने धरून ठेवला, गरगरू नये म्हणून,
आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने झाडलं सगळं.
चिपवरचा लेप वाळून खडू झाला होता.
तो पुसला. नवा लावला, तांदळाएवढा.
"बस, बस," लियाकत म्हणाला, "श्रीखंड नाही ते."

आकडा उतरला.
खेळ सुरू केला तसा पुन्हा चढायला लागला.
अठ्ठ्याऐंशी. नव्वद.
"आता आत जा. फ्रेम साठच्या तीस कर.
गवताचं हलणं थांबव. पाण्यातलं प्रतिबिंब काढ.
आणि सावल्या बंद.
सावल्याच जास्त तापवतात."

सावल्या.
बोट बटणावर नुसतं राहिलं.

उन्हाळ्यात इथे बारा ते तीन बाहेरचं काम बंद.
तेव्हा आम्ही टाकीच्या सावलीला ओळीने बसतो.
ती सरकली की आम्ही सरकतो,
ढुंगणावर, न उठता.
कुणाचा पाय उन्हात राहिला
तर शेजारचा तो आत ओढून घेतो,
झोपलेल्या पोराचा ओढावा तसा.
वीतभर सावलीवरून एकदा मारामारी झाली होती,
दोघंही नंतर रडले.

आणि हे यंत्र गार ठेवायचं तर

बंद केल्या.
आंबा, माड, शर्वाणीने लावलेला तो वेडावाकडा पिंपळ
एकदम जमिनीपासून सुटले,
टाचणीने टोचल्यासारखे उभे.
एकाहत्तर. पंख्याचा आवाज खाली आला,
इतका, की लियाकतची तसबीह ऐकू येऊ लागली,
मणी मण्यावर.

"आलात?"
"आलो."
"मग असे उन्हात काय उभे? पिंपळाखाली या."
"माझ्याकडे सावली नाही गं. बंद करावी लागली."
ती जरा वेळ काही बोलली नाही.
मागे तिची आई भांडी पालथी घालत होती.

"माझ्याकडे आहे ना," ती म्हणाली.
"दोन पावलं डावीकडे. अजून एक.
नाही, खांदा बाहेर आहे अजून.
हां. आता पूर्ण आत."

माझ्या पडद्यावर सगळीकडे सारखंच ऊन.
मी तिथेच उभा राहिलो.

"विहीर खणू?"
"खणा. पण सावकाश."