ओलं असताना

नवतपाचा शेवटचा दिवस.
कूलरच्या वाळ्यावर पाणी मारत होते,
तेव्हा हेमराजचा फोन आला.
"उज्ज्वला, कसं सांगू समजून नाही राहिलं.
माझं हर्पिस निघालं. टाइप टू.
तूही एकदा पाहून घे."
पाहून घे.
गॅसचं बटण पाहून घे म्हणतात, तसं.
हातातली नळी पडली,
अंगणभर पाणी.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
बर्डीवरच्या एका लॅबमध्ये बाही वर केली.
पॅकेज होतं : थायरॉइड, साखर आणि हे.
'कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं' या रकान्यात
मी लिहिलं, स्वतः.
संध्याकाळी मोबाइलवर आकडा आला,
शेजारी एक शब्द : बॉर्डरलाइन.
रात्रभर मी त्या बॉर्डरवर उभी.

मेडिकल चौकातला औषधवाला
माझ्याकडे न बघताच म्हणाला, नागीण असंल,
आणि पेपरात गुंडाळून मलम दिलं.
नागीण म्हटलं की सावनेरची मोठी आई आठवते,
बाबांच्या कमरेला गेरू लावणारी.
तोंड आणि शेपूट भेटू द्यायचं नाही,
भेटलं की माणूस गेला.
मी आरशासमोर वळून वळून पाहिलं.
ना तोंड, ना शेपूट.
कातडी होती तशीच, माझीच.

डॉक्टर मोटघरे बाईंचा दवाखाना धंतोलीत,
चार पायऱ्या उतरून.
त्यांनी रिपोर्ट वाचला, पालथा घातला,
वर चहाचा कप ठेवला.
"ही तपासणी मी सांगतच नाही. थापा मारते ती.
आणि ही नागीण नाही.
कूळ एक, घर वेगळं.
आत्ता रक्त काही बोलणार नाही, बारा आठवडे जाऊ द्या.
मध्ये काही उठलंच तर त्याच दिवशी यायचं.
पावडर नाही, मलम नाही, हळद तर नाहीच.
ओलं असताना या.
सुकलं की ते मुकं होतं."
मग म्हणाल्या, जेवण जातं ना?
मी मान हलवली,
आणि खोटं बोलले म्हणून रडले.

बारा आठवडे
चष्म्याच्या दुकानात मी तेच करत होते, जे रोज करते :
भिंग बदलायचं, विचारायचं,
पहिलं स्पष्ट की दुसरं?
आता?
आणि आता?

सातव्या आठवड्यात, मंगळवारी, एक फोड.
साबुदाण्याएवढा.
मेट्रोत जागा होती तरी उभी राहिले.
बाईंनी काडीवर कापूस घेतला.
"दुखेल," म्हणाल्या,
आणि दुखलं.
कुणी खरं बोललं याचंच मला इतकं बरं वाटलं
की मी हसले बहुतेक.

तीन दिवसांनी : पॉझिटिव्ह.
टाइप वन.

वन.
हेमराजचा तर टू.
मग हे कुणाचं?
नऊ वर्षांच्या त्या संसाराचं?
की त्याआधीच्या कुणा ओठांचं,
ज्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं?
बाई म्हणाल्या, "काय आहे ते सांगता येतं.
कुणाचं, कधीचं, ते काडीवर येत नाही.
टूचं रक्त ठरल्या दिवशी घेऊ."

ठरल्या दिवशी इतवारीत मारबत निघाली होती.
दंडावर कापसाचा बोळा धरून गर्दीत उभी राहिले.
खोकला घेऊन जा गे मारबत,
डेंग्यू घेऊन जा गे मारबत.
शेजारची पोरगी महागाईलाही पाठवत होती.
मी ओरडले नाही.
माझं जाणारं नाही,
ते कण्याच्या पायथ्याशी निजून असतं,
आणि आता त्याला निदान नाव आहे.

हेमराजला मेसेज केला :
एक कळलं, तुझं नाही. दुसरं उद्या.
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

संध्याकाळी दुकानात एक काका,
हनुवटी टेकवलेली, घामाघूम.
"बाई, आता दोन्ही सारखेच दिसून राहिले,"
म्हणाले ओशाळून, नापास झाल्यासारखे.
सारखे दिसले की तोच नंबर असतो, काका,
मी म्हटलं,
आणि लिहून घेतला.