कन्नडी

तिसरी पाळी सुटते तेव्हा उद्यमबागेत
भट्टीची ऊब अजून अंगात असते.
ती पुरवून पुरवून वापरायची, धुपदाळ येईपर्यंत.
मागच्या सीटवर इनासमामा,
मफलरात नाक, मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी
पोर घेतल्यासारखी.
लेन्स त्याचीच. डोळ्यांवर पडदा उतरला त्या वर्षी
त्यानं ती मला विकली, म्हणजे हप्त्यावर,
आणि हप्ते मागायचं विसरला.

अंकलगीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं दिवा नाही.
अंधारात आधी गोडसर वास येतो,
मग एकदम भिंत.
"डावीकडनं काढ," मामा म्हणतो,
ज्याला दिसत नाही तो.

बंधाऱ्यावर धुकं पाण्याला चिकटून.
आडिवेप्पा शेकोटीपाशी, वनखात्याचं जर्किन, पाय अनवाणी.
वही उघडी: तारीख, वारा, थापट्या अंदाजे नव्वद.
खालची ओळ रिकामी.
"पट्टकादंब?"
"इन्नू बंदिल्ला," तो म्हणतो. अजून आले नाहीत.
पंगत खोळंबवणाऱ्या पाहुण्यांबद्दल बोलावं तसा.

मी पोटावर सरकत चिखलात.
मामा काठावर बसून कानांनी मोजतो:
"शेकाट्या, दोन. तुतवार, उजवीकडं.
आणि हे काय फडफडलं, थापट्या उठले?
ओढलास फोटो?"
ओढले. चाळीस. सगळे पाठमोरे.
थापट्या म्हणजे आधी चोच आणि मग उरलंसुरलं बदक;
चोच पाण्यात घालून जात्यासारखं फिरत राहतं
आणि मान वर काढतं
नेमका मी श्वास सोडल्यावर.

पाखरांना कुठली आलीय सीमा,
असं आमच्याकडं भाषणात म्हणतात.
मीही म्हणायचो,
परिटाला नीट बघेपर्यंत.
मूठभर जीव, हिमालयाच्या पलीकडून येतो
आणि आल्या आल्या बंधाऱ्याचे बारा दगड
आपल्या नावावर करून घेतो.
तेराव्यावर दुसरा कोणी उतरला
तरी ह्याच्या शेपटीची मोजणी सुरू.

त्या रविवारी
टक्. टक् टक्.
"कोण ठोकतंय?" मामा.
माझी गाडी दगडांपाशी लावलेली
आणि आरशात परिटाला दुसरा परीट दिसलेला.
तीच काळी टोपी, तेच पांढरे गाल, तोच ताठा.
हा चोच मारतो, तोही मारतो.
हा मागं जाऊन बघतो: कोणी नाही.
पुढं येतो: आहेच.
मी गुडघ्यावर. ऊन तिरकं, डोळ्यात ठिणगी,
दोन चोची टोकाला टोक.
असा फोटो जन्मात एकदा.

"तम्मा!" आडिवेप्पा ओरडला, "कन्नडी मुच्चु!"
कन्नडी म्हणजे आरसा. आरसा झाक.
मामाला हसू आवरेना,
"हे चौकात मराठीत ऐकलं असतं कुणी
तर दोन दिवस बाजार बंद."
आडिवेप्पाही हसला, खोकला येईपर्यंत.
मग म्हणाला, भांडताना खायचं विसरतात ही.
साहेबांच्या जीपच्या आरशाखाली
त्यानं एकाला सकाळी उचललं होतं,
विडीच्या बंडलाएवढं वजन.

शटरवर बोट होतं,
कारखान्यात केसाएवढी चूक ओळखणारं बोट.
दाबलं नाही असं नाही. अर्धं दाबलं.
मग उठलो. परीट उडाला.
घाम पुसायचा रुमाल, ग्रीसचा डाग लागलेला,
आरशाला गाठ मारून बांधला.
तो परत आला, रुमालावर बसला,
शेपटी दोनदा.
समोरचा हरला की घरी गेला, त्याला काय वाटलं कोण जाणे.
पाचव्या दगडावर जाऊन त्यानं किडा उचलला.

गोकाकात करदंट घेतला. मामा चघळत म्हणाला,
"शेवटचा कसा आलाय?"
"रुमालाचा? एकदम शार्प. धागे मोजता येतील."
"आणि परीट?"
"फ्रेमच्या बाहेर."
रुमाल सोडायचा राहूनच गेला.
बेळगावपर्यंत मागचं सगळं
मामा सांगत आला, ऐकून:
ट्रॉली. एसटी. ट्रॉली. आता कोणी नाही.