बावीसचा पाना

नाना पेठेत यासीनभाईंनी
आधी सायलेन्सरचा वास घेतला.
"फुकट पितेय. किती देते?"
नऊ, म्हणालो. खरं तर आठ.

मीटरचा आकडा शून्य पॉइंट एकवर
खिळलेला. रेस केली, तरी तिथेच.
"चांगला सेन्सर सारखा वर-खाली,
त्याचं कधी नक्की नसतं.
हा बघा, ठाम. म्हणजे गेला."

इंजिन तापवलं. गंजावर तेल सोडलं.
चहा झाला.
पान्याला पाईप, पाईपला यासीनभाई.
कर्र.

काजळलेलं बोंडूक माझ्या तळहातावर,
अजून कोमट.
तीन महिने सांगत होतं, हवा जास्त आहे,
आणि इंजिन बिचारं
पेट्रोल ओतत राहिलं.

कात्रजला ही म्हणाली,
जुना बोगदा की नवा?
पिवळा दिवा विझलेला.
म्हणालो, बघू.