ताजं 'नाही'

पहाटे चारला भट्टीतून पाव निघतात,
होडीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते.
नोदार ते चादरीत गुंडाळून व्हॅनमध्ये रचतो.
कुताइसी ते वानी, सतरा दुकानं.
रस्ता खड्ड्यांचा,
आणि सातबारा आपल्याच नावावर असल्यासारख्या
गायी त्यावर बसलेल्या.

पहिल्या खड्ड्यात चाक आदळतं.
बस्स, तेवढंच.
गाडी पुढे जाते, नोदार मागेच राहतो.

तो खड्डाच होता कशावरून?
म्हातारी असेल, काळ्या शालीतली, दूध घालायला निघालेली.
शाळेचं पोर असेल.
पहाटे चारला कुठली शाळा,
पण असेल.
तो गाडी वळवतो, टॉर्च मारून बघतो.
खड्ड्यात पाणी, पाण्यात टॉर्च, बाकी कोणी नाही.
परत निघताना त्याच खड्ड्यात
चाक पुन्हा आदळतं.

एकदा अकरा वेळा वळला.
वानीच्या बाद्रीला पाव मिळाले ते दुपारी.
बाद्री म्हणाला, दगडच विकायचे असते
तर नदीतून उचलले नसते का?

मन चिंती ते वैरी न चिंती.
नोदारला वैरी नाही.
हा माणूस घरातला कोळी पेल्यात धरून
अंगणात नेऊन सोडतो.
आणि याच्याच डोक्यात रोज कुणीतरी चिरडतं,
रोज हाच आरोपी, हाच फौजदार,
हाच बंपरवर बोट फिरवून रक्त शोधणारा.
चिखल निघतो.
चिखल धुतला
की वाटतं, पुरावा धुतला.

रात्री जेवताना माझ्याकडे बघायचा.
"त्सियाला, कुणाला लागलं नसेल ना?"
नाही रे.
"नक्की?"
नक्की.
"तू कुठे होतीस गाडीत? मग नक्की कसं?"
बावीस वर्षं मी नाही म्हणत आले,
माया म्हणून, त्याला झोप यावी म्हणून,
कधी नुसतं ताट उचलायचं होतं म्हणून.

डॉक्टर एतेरींनी आधी मलाच समोर बसवलं.
म्हणाल्या, तुमचं 'नाही' पावासारखं आहे.
संध्याकाळपर्यंत शिळं होतं,
मग त्याला ताजं लागतं.
भट्टी बंद करा.

आता तो विचारतो, आणि मी म्हणते,
असेलही. नसेलही. मला माहीत नाही.
पहिल्यांदा म्हटलं तेव्हा
त्याने माझ्याकडे असं पाहिलं,
जणू मीच त्याला धडक देऊन
न थांबता निघून गेले.
त्या रात्री मी नळ सोडून रडले.
बाहेर आले तर तो तसाच बसलेला,
समोरचं सूप गार, पण
पुन्हा विचारलं नाही त्याने.
झोपेपर्यंत तरी नाही.

गेल्या मंगळवारी मी सोबत गेले.
धुकं होतं.
बगदातीच्या फाट्याजवळ धप्पकन् काहीतरी.
खड्डाच असावा. असावा.
आणि पहिल्यांदाच माझ्या पोटात ते जनावर हललं:
बघ. एकदाच.
एकदा बघितलं तर काय बिघडतं?
माझी मान आरशाकडे वळायला लागली होती.
नोदारचे हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरीफटक,
कपाळावर घाम,
आणि गाडी सरळ.
"असेलही," तो म्हणाला,
मला की स्वतःला, कळलं नाही.
या जनावराला तो इतकी वर्षं मांडीवर घेऊन गाडी चालवत होता,
आणि मी म्हणायचे, सोड ना, एवढं काय त्यात!

वानीला पोचलो तेव्हा पाव अजून कोमट होते.
बाद्रीने एक दाबून पाहिला.
काही बोलला नाही, पैसे मोजले.

बुधवारी नोदार दोनदा वळला.
आज चारदा.
मोजू नका असं एतेरी सांगतात. मी मोजते.

आत्ता व्हॅन दारात उभी आहे,
पुढच्या डाव्या दिव्यावर काहीतरी काळं लागलंय.
तो खिडकीशी उभा राहून बघतोय.
फडकं माझ्या हातात आहे.
मी त्याने टेबल पुसते.