सत्तेचाळीस नंबरचा रेडिओ

कारागांदा, जानेवारी. नऊमजली पॅनेलची इमारत.
आधी मी काहीच मारत नाही.
आधी मोजते.
चिकट पुठ्ठे ठेवते फ्रिजमागे, शेगडीखाली,
न्हाणीत पाइप जिथून भिंतीत शिरतो तिथं,
वर पेन्सिलीनं तारीख आणि घराचा नंबर.
शाई ओलीनं फुटते.

दारातच सांगतात, आमच्याकडे नाहीत हो, वरून येतात.
वरचे म्हणतात, खालून.
त्सोई म्हणतो, जर्मन लोक गेले तेव्हा
घरं विकली, पियानो विकले, हे तेवढे ठेवून गेले.
इथं त्याचं नाव प्रूसाक, म्हणजे प्रशियावाला.
आणि तिकडे जर्मनीत म्हणे काही गावांत त्याला रशियन म्हणतात.
हे लेकरू कुणीच पदरात घेत नाही.

मी नावावर जात नाही.
मानेमागे दोन काळ्या रेघा,
बिजागरीत मिरपूड सांडावी तशी विष्ठा,
कपाट उघडताच शिळ्या तेलाचा वास,
आणि मादीच्या पाठीशी चिकटलेली तपकिरी डबी,
तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी,
आत तीस-पस्तीस जणांचं बिऱ्हाड.
फुटायची वेळ येईतो ती ओझं टाकत नाही.
तिला नावं ठेवायला मला तोंड नाही,
माझी मुलगी आजीकडे वाढते.

सगळ्यांना फवारा हवा असतो.
फवाऱ्यानं चार मरतात, चाळीस भिंतीपलीकडे जातात,
मग पलीकडचा फवारतो.
या जिन्यात अकरा वर्षं हाच पाहुणचार चालला होता.
म्हणून जेल, मसुराएवढे ठिपके, अंधाऱ्या सांध्यात.
म्हणून पाइपाभोवतीच्या भोकात स्टीलचा काथ्या, वर सिलिकॉन.
एका नळावर नऊ घरं.
आठ दारं उघडली.
एक्कावन्न नंबर उघडत नव्हता.

पुठ्ठे गोळा केले.
एकोणचाळीसमध्ये सहा. त्रेचाळीसमध्ये अकरा.
सत्तेचाळीसमध्ये त्र्याऐंशी.

सत्तेचाळीस म्हणजे एल्ला रायमर.
जिच्या फरशीवर भात वाढून खावा.
तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.
मी रोज पुसते, म्हणाली.
दिसतंय, मी म्हटलं.

रात्री दोनला टॉर्च घेऊन बसले तिच्या स्वयंपाकघरात.
फळीवर रेडिओ, हळू आवाजात,
आणि डायलच्या काचेमागून
दोन मिश्या. मग सहा. मग मोजणं सोडलं.
योहान गेल्यापासून बंद केला नाही, ती म्हणाली.
चौदा वर्षं. घर मुकं नको.
ऊब, अंधार, कुणी हात लावत नाही:
मी प्रूसाक असते तर मीही तिथंच राहिले असते.

रेडिओ पिशवीत बांधून बाल्कनीत ठेवला.
बाहेर उणे एकतीस. याला औषध लागत नाही.
चार रात्री, मी म्हटलं.
चार रात्री तिला लिफ्ट ऐकू आली,
नळातलं पाणी, कुणाचा तरी खोकला.

तिसऱ्या संध्याकाळी दार वाजलं.
खाणीतला माणूस, डोळ्यांच्या कडेला कोळसा,
रात्रपाळीचा, दिवसा झोपणारा.
मी वरचा, जुमाबेक. एक्कावन्न.
रेडिओ ऐकू येत नाही तीन दिवस.
म्हटलं, बघावं, तुम्ही...
वाक्य त्यानं पुरं केलं नाही.
एल्लानं चहा टाकला.
मी पुठ्ठे हातात घेऊनच उभी होते.

पाचव्या दिवशी रेडिओ वर्तमानपत्रावर उलटा केला.
चहाची पत्ती पडावी तसे पडले, कोरडे, हलके.
झटकलं, पुसलं, मागच्या झडपांना बारीक जाळी लावली.
बटण फिरवलं. खरखर.
मग कुणीतरी उद्याचं हवामान सांगायला लागलं.

मार्चची मोजणी: सत्तेचाळीसमध्ये चार.
एक्कावन्नमध्ये एकोणीस, आणि जुमाबेक
पुठ्ठ्याकडे बघून माफी मागतो.
शून्य मी लिहीत नाही. पुढची तारीख लिहिते.

आता ती दहाला रेडिओ बंद करते
आणि चमच्यानं नळावर दोनदा ठोकते.
वरून दोनदा उत्तर येतं.
ते भोक मी माझ्या हातानं बुजवलंय,
मुंगी जाणार नाही असं.