दाराचा निळा

शुक्रवारी बँकेत सह्या करायच्या होत्या.
सुपीरियरच्या काठावरची खोली विकायची,
सौना, धक्का, होडीचं छप्पर, सगळं मिळून.
लेम्पी म्हणाली, सही मी करीन,
पण पेन मला आपल्या दाराच्या निळ्यातलं हवं.
एवढं म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

दार तिच्या भावानं रंगवलं होतं,
होडीचा रंग उरला होता त्यातून.
डब्यावरचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

माझ्याकडे मेपलचे तुकडे, करंगळीएवढे,
पेन्सिलीनं आकडे घातलेले.

एक: बीट. दोन दिवस लग्नघर,
तिसऱ्या दिवशी चहाचा डाग.
दोन: कांद्याची सालं. पिवळा छान आला.
पण पिवळा मागितला होता कुणी?
तीन: ब्लूबेरी, फ्रीजमधल्या, लेम्पीला न विचारता.
आधी जांभळा, मग राखाडी,
मग घरात दोन दिवस अबोला.
चार: व्हिनेगरमध्ये गंजवलेली तारेची घासणी.
मेपल नुसतं करडं पडलं, दवाखान्यातल्या माणसासारखं.
तेच पाणी ओकवर लावलं तर बघता बघता काळंकुट्ट.
ओकच्या पोटात मुळातच काहीतरी तुरट असतं.
मेपलला आधी कडक चहा पाजावा लागतो,
मग तेही कबूल होतं.

पाच ते अकरा: विकतचे रंग, स्पिरिटमधले.
निळेच होते. बादलीसारखे निळे.
वरचा थर पॉलिशपेपरनं उतरवला
तर नागमोडी पट्ट्यांत तेवढा रंग उरला,
लाकडाला जणू आधीच ठाऊक होतं
कुठं प्यायचं आणि कुठं थुंकायचं.

बाराव्याला मला बापाचा डबा आठवला.
खाण बंद झाली त्या संध्याकाळी आर्विड कोस्केला
कोटाच्या खिशातून तांब्याचा ओबडधोबड गोळा घेऊन आला.
चोरी म्हणा, हिशेब म्हणा.
तेव्हापासून तो खिळ्यांत पडून होता.
मी कानशीनं त्याचा चुरा काढला,
अमोनियात टाकला, झाकण लावलं, डोळे पुसले.
अमोनियानं पाणी येतंच.

सकाळी बरणीत जे होतं
ते पाहून मी टोपी काढली.
जुलैत दोन दिवस, फार तर तीन,
आमचा तलाव असा असतो.

बारा नंबर बुडवला, वाळवला, लेथवर चढवला.
निळा टिकला. घासला, तरी टिकला.
मी गॅरेजमध्ये एकटाच हसलो.
मग सवयीनं, चाळीस वर्षांच्या सवयीनं,
फडकं जवसाच्या तेलात बुडवून फिरत्या लाकडाला लावलं.

तेल पिवळं असतं.
निळ्यात पिवळं घातलं की काय होतं
हे पाचवीतलं पोरही सांगेल.
बरणीत थेंब उरला नव्हता. आणि गुरुवारची रात्र होती.

बँकेत काउंटरवरच्या पोरीनं कागद सरकवले,
मण्यांच्या साखळीला बांधलेलं पेन पुढं केलं.
लेम्पीनं त्यानंच सही केली. तीन ठिकाणी.
दुसऱ्या सहीच्या वेळी मला आठवलं,
दाराजवळच्या खुंटीवर माझा कोट, आतल्या खिशात हिरवं पेन.
मी बोललो नाही.

गाडीत ती हातमोजे शोधत होती, तेच हाताला लागलं.
काचेवरचा बर्फ अजून वितळायचा होता.
तिनं पेन उजेडाकडं धरलं, फिरवलं,
अंगठ्यानं पट्टे चाचपले.
हे निळं नाही, म्हणाली.
नाही, मी म्हणालो.
हा आपल्या जुन्या पन्हळीचा रंग आहे.
आहे.

वायपर चार वेळा गेले आले.
मग बँकेच्याच पाकिटाच्या पाठीवर
तिनं आठवड्याचं सामान लिहायला घेतलं.
पेन पहिल्यांदा अडलं, मग सुटलं.
कांदे. व्हिनेगर. साबण.
ब्लूबेरी, दोन पिशव्या.
दोनच्या खाली रेघ.