जादा सामान

खोक्यांवर छापलं होतं: ऐच्छिक.
म्हणजे लावा, नाहीतर राहू द्या.
कारखान्यानं चिखलीला बोट दिली, तिच्यासोबत अशी सात खोकी,
कोल्हापुरात, उद्यमनगरात, दस्तगीर शिकलगाराच्या शेडमध्ये
रुखवतासारखी मांडलेली.

स्टीलची शिडी. सर्चलाइट. घडीचं छत.
ओढायचा दोर. भोंगा, उसाच्या ट्रकलाही लाजवील असा.
दोन स्पीकरचा गाण्यांचा डबा.
आणि तळाशी, पुडीत, लाल पिळाची दोरी,
जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी.
"ही फुकटात आल्या जणू," दस्तगीर म्हणाला
आणि खिळ्याला अडकवून टाकली.

वायरिंग माझ्याकडं होतं.
एकाच बॅटरीवर सगळं जोडत होते
तेव्हा भरमू आंबी आले,
गुळाच्या काहिलीतून अख्खी आळी पैलतीरी नेलेला माणूस.
"काहिलीला कसलं आलंय जादा सामान," म्हणाले,
"एक बांबू, आणि तिच्या पोटात गप बसणारी माणसं."
मग एकेका वस्तूवर बोट ठेवून तेच तेच विचारलं:
"हे नसलं तर काय हुतंय ते सांगू नगं, पोरी.
असल्यावर काय हुतंय?"

मला सांगता आलं नाही.
कळंबा तलावानं सांगितलं, मे महिन्यात.
छत ताठ ठेवून वेग घेतला, वाऱ्यानं बोटीचं नाकच धरलं.
दोर शिडीला बांधून दुसरी नाव ओढली,
शिडीचा बोल्ट उपटला आणि सुदामच्या कानाजवळून गेला.
कान शाबूत आहे. तो अजून हात लावून बघतो.
सर्चलाइट समोरच्याच्या तोंडावर मारला,
तर आंधळा झालेला तो थेट आमच्यावरच आला.
रात्रभर दिवा आणि भोंगा चालवला,
सकाळी मोटर उठेना.
शिडी सोडायची तर आधी पंखा थांबलेला बघायचा,
डोळ्यांनी, आवाजावर जायचं नाही.
गाण्यांचा डबा तर काकांनी उतरवलाच.
"पाण्यावर कान मोकळं पायजेत."

लाल दोरी तेवढी खिळ्यावर राहिली.
तिच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.
निघायच्या दिवशी मी ती पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणं घातली,
एक टोक स्विचला, एक माझ्या गुडघ्याला.
"रेडकू बांधल्यागत," सुदाम हसला.

राजाराम बंधाऱ्यावर चव्वेचाळीस फूट.
आंबेवाडीच्या वळणावर, जिथं रस्ता असावा असं वाटत होतं,
पाण्याखालच्या ट्रॉलीनं बोट गचकन अडवली
आणि मी हवेत.
मग तोंडात डिझेलचं पाणी, हनुवटीखाली जॅकेट,
आणि डोक्यात एकच: पंखा कुठाय, पंखा.

पंखा गप्प होता.
दोरी माझ्याच गुडघ्याला, सुटलं टोक मागं तरंगत.
आणि मोटरनं इतका वेळ झाकून ठेवलेला
एक आवाज उघडा पडला.
कुणीतरी ताट बडवत होतं,
शेवग्याच्या शेंड्यामागं, पत्र्यावर.

मी वाहत चालले होते.
तिकडं सुदाम चावी फिरवतोय, फिरवतोय,
आणि मोटर काय करणार?
तिची परवानगी माझ्या पायाला बांधलेली.
शेवटी वल्हं मारत, शिव्या देत तो पोचला.
मग आम्ही ताटाकडं गेलो.
द्रौपदा कुंभार, तिची नात,
आणि घमेल्याखाली झाकलेली एक कोंबडी.

गौरी-गणपती झाल्यावर दस्तगीरकडं गेले.
स्पीकरचा डबा त्याच्या लेथवर कव्वाली म्हणत होता.
"अजून एक लाल दोरी मागीव."
"एक हाय की."
"ती माझ्यासंगं पडती.
दुसरी, मला आणायला येणाऱ्यासाठी."

आता ती बोटीत असते, सीटखालच्या डब्यात.
निघताना सुदाम झाकण उघडून
तिला चाचपून बघतो,
आणि मग, उगाच, कानाला.